सहा वर्षांचा व्हिसा, दहा वर्षांची अट

अमेरिकेचा एच-1बी व्हिसा तीन वर्षांचा असतो. तो आणखी तीन वर्षे वाढवून मिळतो. एकूण सहा वर्षे. अमेरिकेत म्हातारपणीच्या निवृत्तिवेतनाचा हक्क लागतो तो चाळीस तिमाह्यांची वर्गणी भरल्यावर. एका वर्षात चारांहून अधिक तिमाह्या जमा होत नाहीत. म्हणजे कमीत कमी दहा वर्षे. दोन्ही नियम एकाच देशाच्या कायद्यातले आहेत. एक नियम सांगतो, सहाव्या वर्षी परत जा. दुसरा सांगतो, दहा वर्षे भरल्याशिवाय काही मागू नका. वर्गणी मात्र पहिल्या पगारापासून कापली जाते.

ही कपात किरकोळ नाही. सोशल सिक्युरिटीसाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून 6.2 टक्के जातात. तेवढेच मालक भरतो. त्याखेरीज ज्येष्ठांच्या आरोग्यविम्यासाठी, म्हणजे मेडिकेअरसाठी, दोघांकडून प्रत्येकी 1.45 टक्के. सगळे मिळून 15.3 टक्के. पुण्याहून किंवा हैदराबादहून गेलेल्या इंजिनिअरचा वर्षाचा पगार एक लाख डॉलर धरा. त्याचे 6,200 आणि कंपनीचे 6,200 डॉलर दरवर्षी सोशल सिक्युरिटीत जमा होतात. सहा वर्षांत 74,400 डॉलर. रुपयांत साठ लाखांच्या वर. तो परतला की म्हातारपणासाठी यातले काहीही त्याच्या हाती लागत नाही. मेडिकेअरचा लाभ पासष्टीनंतरचा आणि अमेरिकेतल्या उपचारांचा. कोथरूडमध्ये राहणाऱ्या निवृत्त माणसाला त्याचा उपयोग शून्य.

यावर एक उत्तर ठरलेले आहे. सोशल सिक्युरिटी ही बचत ठेव नव्हे, तो विमा आहे. आजचे कमावते आजच्या वृद्धांना पोसतात. कोणाचेच पैसे कोणाच्या नावाने बाजूला ठेवलेले नसतात. हे बरोबर आहे. कमावता माणूस मध्येच दगावला किंवा अपंग झाला तर कमी तिमाह्यांवरही काही संरक्षण मिळते, तेही मान्य. पण विम्याचा हप्ता घेणाऱ्याने दावा करण्याची वाट तरी मोकळी ठेवायला हवी. इथे हप्ता घेणारे सरकार आणि दाव्याची मुदत येण्याआधी माणसाला देशाबाहेर पाठवणारे सरकार एकच आहे. नागरिकाने नऊ वर्षे भरून काम सोडले तर तो त्याचा निर्णय. सहा वर्षे भरून विमानात बसणाऱ्याला निर्णय घ्यायला जागाच नसते.

ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा व्हिसा सहा वर्षांनंतरही वाढतो, आणि भारतीयांची रांग एवढी लांब आहे की तिथे उभ्याउभ्याच चाळीस तिमाह्या भरतात. ते या हिशेबातून सुटतात. पण कंपनीने प्रकल्पासाठी पाठवलेला, दोन-तीन वर्षे ऑनसाइट राहून परत येणारा माणूस सुटत नाही. एल-1 व्हिसावर कंपनीच्या एका कार्यालयातून दुसऱ्यात गेलेला विशेषज्ञ पाच वर्षांत परततो, व्यवस्थापक सात वर्षांत. पाच, सहा, सात. यातला एकही आकडा दहापर्यंत पोहोचत नाही. शिवाय इकडचा पीएफ चालू ठेवून तिकडे पाठवलेल्याची वर्गणी दोन्ही देशांत जाते. आई-वडिलांसाठी, मुलांच्या शाळेसाठी किंवा प्रकल्प संपला म्हणून परतलेली अशी माणसे हिंजवडीत आणि खराडीत सोसायटी-सोसायटीत भेटतील. त्यांच्या कमाईच्या सर्वांत चांगल्या वर्षांचे हे पैसे आहेत.

सेवांच्या जागतिक व्यापाराची सगळी विसंगती या एका कपातीत दिसते. 1986 मध्ये उरुग्वेतील पुंता देल एस्ते येथे वाटाघाटींची फेरी सुरू झाली तेव्हा सेवांचा विषय श्रीमंत देशांनी आणला होता. त्यांना आपल्या बँका, विमा कंपन्या आणि दूरसंचार कंपन्यांसाठी दारे उघडून हवी होती. भारत आणि ब्राझील विरोधात होते. शेवटी तडजोड झाली. कंपनीला परदेशात दुकान मांडण्याचा हक्क मिळणार असेल, तर माणसालाही परदेशात जाऊन सेवा देण्याचा हक्क हवा, हे विकसनशील देशांनी करारात लिहून घेतले. 1 जानेवारी 1995 रोजी हा करार, म्हणजे सेवाव्यापाराचा सर्वसाधारण करार किंवा गॅट्स, लागू झाला. सेवाव्यापाराचे चार प्रकार ठरले. माणसाने जाऊन सेवा देणे हा चौथा. जगाच्या सेवाव्यापारात आज त्याचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. कंपन्यांनी परदेशात मांडलेल्या दुकानांचा वाटा निम्म्याहून अधिक.

हा चौथा प्रकार मान्य करताना श्रीमंत देशांनी एक गोष्ट फार काळजीने लिहून घेतली. गॅट्सच्या परिशिष्टात ती आहे. नागरिकत्व, वास्तव्य आणि कायमस्वरूपी नोकरी यांना हा करार लागू नाही. येणारा माणूस सेवा देईल आणि जाईल. तो स्थलांतरित नाही, त्या देशाच्या श्रमबाजाराचा भाग नाही. अमेरिकेने आपल्या वचनपत्रकात वर्षाला 65,000 तज्ज्ञांना प्रवेश देण्याचे लिहून दिले, तेही तीन वर्षांच्या मर्यादेने. इतका तो तात्पुरता.

मग ज्याला तुम्ही करारात तात्पुरता म्हणता, त्याच्या पगारातून कायम रहिवाशासारखी म्हातारपणाची वर्गणी कोणत्या नात्याने कापता? तो तुमच्या समाजाचा भाग असेल तर त्याला म्हातारपणाचा हक्क द्या. नसेल तर वर्गणी घेऊ नका. प्रवेश देताना पाहुणा आणि पैसे घेताना घरचा, असे दोन्ही एकाच वेळी चालणार नाही. या प्रश्नाला अमेरिकेकडे उत्तर नाही असे नाही. उत्तर आहे, आणि ते तिने 30 देशांना दिलेले आहे.

त्या उत्तराचे नाव टोटलायझेशन करार. पहिला 1978 मध्ये इटलीशी लागू झाला. त्याची रीत अशी. जर्मन कंपनीने आपला अभियंता शिकागोला पाच वर्षांपर्यंत पाठवला, तर तो जर्मनीतच वर्गणी भरतो. जर्मन यंत्रणेचा दाखला दाखवला की अमेरिकेत कपात होत नाही. आणि जो तिथली वर्गणी भरून परत जातो, त्याची दोन्ही देशांतली वर्षे एकत्र मोजली जातात. अमेरिकेत सहा तिमाह्या भरलेल्या असल्या तरी पुरते. दहा वर्षांची अट दोन देशांच्या मिळून पूर्ण होते आणि अमेरिका आपल्या वाट्याचे निवृत्तिवेतन देते. कागदी काम आहे, दशकानुदशके बिनबोभाट चालले आहे.

आता त्या 30 देशांची यादी पाहा. युरोपातले बहुतेक सगळे सधन देश. कॅनडा, ऑस्ट्रेलिया. दक्षिण अमेरिकेतले चिली, ब्राझील, उरुग्वे. आशियातले दोन, जपान आणि दक्षिण कोरिया. आफ्रिकेतला एकही नाही. भारत नाही, फिलिपिन्स नाही. मेक्सिकोशी 2004 मध्ये सही झाली, करार अजून अमलात नाही. म्हणजे ज्या देशांची माणसे अमेरिकेत मोठ्या संख्येने कामाला जातात, नेमके तेच यादीबाहेर. मंजूर होणाऱ्या एच-1बी अर्जांत दहांतले सातहून अधिक भारतीयांचे असतात. ज्या देशाला कराराची सर्वाधिक गरज, त्याच्याशी करार नाही. आइसलँडशी आहे.

याचा व्यापारावरचा परिणाम सरळ आहे. एकाच कामासाठी जर्मन आणि भारतीय कंपनीने निविदा भरली, तर जर्मन कंपनीला आणि तिच्या माणसाला मिळून अमेरिकेतली 15.3 टक्के वर्गणी भरावी लागत नाही, भारतीय कंपनीला आणि तिच्या माणसाला लागते. जर्मन कंपनी मायदेशी भरते, पण एकाच ठिकाणी भरते आणि तिच्या माणसाला त्याचा मोबदला मिळतो. हीच तफावत कापडावर किंवा औषधांवर असती तर तिला जकात म्हटले गेले असते. देशादेशांत भेद करणारी जकात म्हणून तिच्यावर जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेत तक्रार झाली असती. सेवेवरची ही जकात पगाराच्या स्लिपमध्ये दडलेली आहे, म्हणून ती आजवर टिकली.

अमेरिकेची हरकत अशी की तिचा कायदा फक्त अशाच देशाशी करार करू देतो, जिथे सामाजिक सुरक्षेची व्यवस्था सर्वसाधारण लोकसंख्येला लागू आहे. भारताचा भविष्य निर्वाह निधी संघटित क्षेत्रापुरता. बहुसंख्य कामगार त्याच्या बाहेर. ही हरकत झटकून टाकण्यासारखी नाही. आपल्या गवंड्याला, शेतमजुराला, घरकाम करणाऱ्या बाईला म्हातारपणाची हमी नाही, हे आपले जुने अपयश आहे. 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता लागू व्हायला नोव्हेंबर 2025 उजाडले. घरातल्या या दिरंगाईची किंमत बाहेर गेलेला माणूसही मोजतो, हे दिल्लीला कोणी तरी सांगायला हवे.

पण ही हरकत पुरेशीही नाही. याच भारताशी, याच भविष्य निर्वाह निधीच्या आधारावर बेल्जियमने करार केला. तो 2009 मध्ये लागू झाला. पाठोपाठ जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, डेन्मार्क, दक्षिण कोरिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान आले. या देशांची सामाजिक सुरक्षा अमेरिकेपेक्षा उणी नाही, आणि त्यांची सरकारे तिजोरीच्या बाबतीत भोळीही नाहीत. त्यांना जे चालले ते अमेरिकेला चालत नाही, याचे कारण भारताच्या निधीच्या रचनेत शोधून सापडणार नाही.

ते कारण पैशांत आहे. अमेरिकेच्या वृद्धापकाळ निधीची राखीव गंगाजळी 2033 च्या सुमारास संपेल, असा त्या निधीच्या विश्वस्तांचा 2025 चा अंदाज आहे. अशा निधीला तरुण, चांगला पगार घेणारा आणि पुढे कधीच दावा न करणारा वर्गणीदार हवाच असतो. दरवर्षी हजारो भारतीय ही भूमिका पार पाडतात. करार झाला तर ही आवक थांबेल. गरीब देशाच्या कमावत्या माणसाने श्रीमंत देशाच्या वृद्धांचा खर्च उचलायचा आणि स्वतःच्या म्हातारपणाची सोय नव्याने करायची, याला व्यापार म्हणणे मला मान्य नाही.

भारताने एक शहाणपणाची चाल केली होती. ऑक्टोबर 2008 पासून इथे काम करणाऱ्या परदेशी कर्मचाऱ्यांना भविष्य निर्वाह निधी सक्तीचा केला. पूर्ण पगारावर 12 टक्के, भारतीयांसाठी असलेली पगाराची मर्यादा त्यांना नाही. ज्या देशाशी करार नाही तिथल्या माणसाला पैसे काढायला वयाची 58 वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते. त्या दट्ट्याने युरोपातल्या अनेक राजधान्या बोलणीला तयार झाल्या. पण यातला फरक पाहा. बंगळुरूत काम करून गेलेल्या अमेरिकनाचे पैसे आपण अडवून ठेवतो, बुडवत नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते व्याजासह त्याला मिळतात, मालकाच्या हिश्शासकट. त्याच्या देशात काम करून आलेल्या भारतीयाला कोणत्याच वयात मिळत नाहीत. आणि आता हा दट्ट्याही डळमळला आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2024 मध्ये हा नियम घटनाबाह्य ठरवला. न्यायालयीन वाद कुठेही संपो, एकाच हत्यारावर विसंबून राहण्याचे दिवस गेले.

दिल्लीने हा विषय काढलाच नाही, असे नाही. वर्षानुवर्षे काढला. जानेवारी 2015 मध्ये ओबामा भारतात आले तेव्हाच्या संयुक्त निवेदनात तो आहे. तिथे ठरले ते इतकेच की, करारासाठी काय काय आवश्यक आहे यावर दोन्ही देश चर्चा करतील. त्यानंतर दोन्ही देशांच्या व्यापार मंचाच्या बैठका झाल्या, त्यांच्या निवेदनांतही विषय आला. निवेदनात एक परिच्छेद मिळाला की आपले शिष्टमंडळ समाधानी होते. परिच्छेदाने कोणाचे निवृत्तिवेतन सुरू होत नाही.

आपल्या संतापाची दिशाही तपासायला हवी. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रम्प यांनी नव्या एच-1बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावले, तेव्हा देशभर खळबळ उडाली. ती योग्यच होती. पण ते शुल्क पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे आणि अध्यक्षाच्या एका आदेशाने आले आहे. ते एका आदेशाने जाऊही शकते. ही कपात कोणत्याही एका अध्यक्षाची नाही. क्लिंटन, बुश, ओबामा, बायडेन, सगळ्यांच्या काळात ती चालू राहिली. भारताचे मित्र म्हणवणाऱ्यांच्या काळातही. मोठ्या घावाची बातमी होते. दर महिन्याच्या 6.2 टक्क्यांची होत नाही. आयटी कंपन्याही कराच्या आणि व्हिसाच्या प्रश्नांवर जेवढ्या बोलतात तेवढ्या यावर बोलत नाहीत. खर्च ग्राहकाच्या बिलात बसवता येतो. कर्मचाऱ्याला आपली कपात कोणाच्याच बिलात बसवता येत नाही.

मार्ग कोणता, हे ब्रिटनच्या उदाहरणावरून दिसते. तिथेही हा प्रश्न रेंगाळला होता. तो सुटला तो व्यापार कराराला बांधला गेला तेव्हा. 24 जुलै 2025 रोजी भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. ब्रिटनला व्हिस्कीवरचे आणि मोटारींवरचे आयातशुल्क कमी करून हवे होते. भारताने त्याच वाटाघाटींत दुहेरी वर्गणी टाळण्याचे पदरात पाडून घेतले. ब्रिटनमधल्या विरोधी पक्षाने आरडाओरडा केला, स्वस्त भारतीय कामगारांना सवलत दिली म्हणाला. सरकारने उत्तर दिले की असे करार आमचे इतर अनेक देशांशी आहेतच. विषय तिथे संपला. जी गोष्ट स्वतंत्रपणे मागून मिळाली नाही, ती देवघेवीत मिळाली.

अमेरिकेलाही आपल्याकडून पुष्कळ हवे आहे. मका, सोयाबीन, बदाम, सफरचंदे, दूधदुभते. विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीन उत्पादकाच्या आणि काश्मीर-हिमाचलातल्या बागायतदाराच्या जिवाशी खेळणाऱ्या या मागण्या आहेत, आणि त्यांतली एक जरी मान्य करायची झाली तरी तिची पूर्ण किंमत वसूल झाली पाहिजे. त्या किमतीत सामाजिक सुरक्षेचा करार असायलाच हवा. चर्चा करण्याचे आश्वासन नको, लागू होण्याची तारीख हवी. आधी भरलेल्या तिमाह्याही एकत्र मोजल्या जाव्यात. ज्यांची वर्षे गेली त्यांना वगळून फक्त पुढच्यांची सोय करणारा मसुदा पत्करू नये.

वाणिज्य मंत्रालयाने हे अमेरिकेशी होणाऱ्या करारातले सेवाविषयक पहिले कलम करावे. ते मिळत नसेल तर करारातल्या सेवांच्या प्रकरणावर सही करू नये. आणि जे वाचक अमेरिकेत काम करून परतले आहेत, त्यांनी पगाराचा आणि कपातीचा वार्षिक हिशेब देणारे आपले जुने डब्ल्यू-2 फॉर्म काढावेत, सोशल सिक्युरिटीच्या रकान्यातल्या आकड्यांची बेरीज करावी आणि ती बेरीज आपल्या खासदाराला लेखी कळवावी.